जाहिरातवाल्यांचा पत्ता कट, तोही नोटपॅडमधून

मराठी बातम्यांची कुठलीही साइट उघडा, बातमी चार ओळींची आणि बाकी सगळ्या जाहिराती, मधेच एखादा व्हिडिओ आपोआप बोंबलायला लागतो आणि क्रॉसवर क्लिक करायला जावं तर तो क्रॉसच खाली सरकतो. ब्राउझरमध्ये अ‍ॅड ब्लॉकर टाकायचा हे आता सगळ्यांना माहितीये, पण त्याच्याही आधीचा एक जुगाड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फुकट पडून आहे. होस्ट्स फाइल. साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. विंडोजवर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी असं आत आत गेलं की सापडते, मॅक आणि लिनक्सवर थेट ईटीसी फोल्डरमध्येच असते.

ही फाइल म्हणजे अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी नेटवर्कच्या काळातला वारसा. १९७०च्या दशकात त्या नेटवर्कवर सगळे मिळून काही शे कॉम्प्युटर, आणि कोणत्या नावाचा कोणता नंबर (म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता) हे एकाच यादीत लिहिलेलं. ती यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची. नवीन कॉम्प्युटर जोडायचा तर त्यांना ऑफिसच्या वेळेत फोन करा नाहीतर ईमेल पाठवा, मग ते यादीत नाव घालणार आणि बाकीचे लोक ती यादी अधूनमधून आपापल्याकडे उतरवून घेणार. नेटवर्क वाढलं तसं हे झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस (नावावरून नंबर शोधून देणारी यंत्रणा) आणलं आणि यादीचं काम जगभरातल्या सर्व्हरवर वाटलं गेलं. पण जुनी फाइल कुणी काढून टाकली नाही, आणि गंमत म्हणजे तिचा मानही कायम राहिला. आजही कॉम्प्युटर सहसा आधी या फाइलीत बघतो, नाव तिथे सापडलं तर डीएनएसला विचारायला जातच नाही. लँडलाइनच्या जमान्यात शेजारच्या डायरीत नंबर असला तर नंबर विचारायला १९७ ला कोण फोन लावायचं, तसंच हे.

आता जाहिरातींचं बघू. बातमी साइटच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येते, पण जाहिरात बहुतेक वेळा तिथून येत नाही. पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं की अमुक डब्यात डबलक्लिक डॉट नेटकडून (ही कंपनी २००८ पासून गूगलची आहे) काय ते आणून दाखव, आणि मग ब्राउझर त्या नावाचा नंबर शोधायला निघतो. आपण फाइलीत आधीच एक ओळ लिहून ठेवायची, आधी ०.०.०.०, मग स्पेस, मग जाहिरातवाल्या सर्व्हरचं पूर्ण नाव. बास. या नंबरवर बाहेरचा कुठलाच सर्व्हर नसतो, त्यामुळे रिक्वेस्ट तुमच्या घराबाहेर पडतच नाही. जाहिरात नुसती लपत नाही, ती डाउनलोडच होत नाही, म्हणजे डेटा वाचतो आणि तुम्ही कोणतं पान उघडलं हे त्या सर्व्हरला कळतही नाही. शिवाय हे फक्त एका ब्राउझरपुरतं नसून त्या मशीनवरच्या बहुतेक सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतं. बरेच जण ०.०.०.० च्या जागी १२७.०.०.१ लिहितात, त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. तेही चालतं, पण मग ब्राउझर तुमच्याच मशीनकडे जाहिरात मागत बसतो आणि तिथे तुम्ही एखादा लोकल सर्व्हर चालवत असाल तर त्याच्या डोक्याला उगाच ताप.

करताना लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडायचं, नाहीतर सेव्ह होत नाही. नोटपॅड नावामागे डॉट टीएक्सटी चिकटवतो, ते होऊ द्यायचं नाही, या फाइलीला एक्स्टेन्शनच नसतं. आकडे अर्थातच इंग्रजी, मराठी कीबोर्डवरचे नाही. आणि कॉम्प्युटरच्या डोक्यात जुने पत्ते राहू नयेत म्हणून डीएनएस कॅश (त्याने लक्षात ठेवलेल्या पत्त्यांचा साठा) साफ करायचा. नावं स्वतः शोधायची गरज नाही, स्टीव्हन ब्लॅक यांची गिटहबवरची (प्रोग्रॅमर लोक आपलं काम जिथे ठेवतात ती साइट) यादी आहे, त्यात हजारो नावं तयार मिळतात.

मर्यादा मात्र आहेत, आणि मोठ्या आहेत. ही फाइल फक्त नाव बघते, आत काय येतंय ते तिला कळत नाही, त्यामुळे यूट्यूबच्या जाहिराती तिच्या आवाक्याबाहेर, कारण जाहिरात आणि व्हिडिओ एकाच ठिकाणाहून येतात, एक बंद केलं की दुसरंही बंद. ‘या कंपनीची सगळी नावं’ अशी एक ओळही लिहिता येत नाही, प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं आणि जाहिरातवाले नवीन नावं काढतच असतात.

आणि जो जुगाड आपण करतो तोच चोरही करतात. २००४ मध्ये मायडूम नावाचा व्हायरस पसरला होता, त्याच्या बी आवृत्तीने लोकांच्या होस्ट्स फाइलीत अँटीव्हायरस कंपन्यांची नावं घालून ठेवली, म्हणजे इलाज शोधायला गेलात तरी साइट उघडणारच नाही! बँकेच्या नावापुढे खोट्या साइटचा नंबर टाकणारेही असतात. म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतं, आणि म्हणूनच फाइलीत हात घातला की अँटीव्हायरस कधी कधी ओरडतो. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने (विंडोजमधल्या अँटीव्हायरसने) तर २०२० पासून मायक्रोसॉफ्टचेच माहिती गोळा करणारे सर्व्हर ब्लॉक करणाऱ्या फाइलींना धोका म्हणून दाखवायला सुरुवात केली, आता यात तुमची काळजी किती आणि त्यांची स्वतःची किती हे तुम्हीच ठरवा.

मूळ फाइलीची कॉपी आधी बाजूला ठेवा. नंतर कधीतरी एखाद्या ऑफरच्या ईमेलमधली लिंक उघडणार नाही, कारण अशा लिंक पुष्कळदा ट्रॅकिंगवाल्या सर्व्हरवरून फिरून जातात. तेव्हा पूर्ण यादी उडवू नका, ब्राउझरच्या एररमध्ये ज्या सर्व्हरचं नाव दिसतंय त्याच्या ओळीच्या सुरुवातीला फक्त हॅशचं चिन्ह टाकून सेव्ह करा, तेवढी एक ओळ बाद होते आणि लिंक उघडते.