जॉइस आणि कॅफे सान मार्को : एक खुलासा

तेव्हा ऑस्ट्रियाच्या आणि आता इटलीच्या हद्दीत असलेल्या त्रिएस्ते या बंदराच्या शहरातील कॅफे सान मार्कोमध्ये बसून आयरिश लेखक जेम्स जॉइसने ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह लिहिला, ही समजूत जुनी असली तरी तारखांपुढे टिकत नाही. हे कॅफे जानेवारी १९१४ मध्ये उघडले, तर संग्रहातील पहिल्या कथा १९०४ साली डब्लिनमध्ये आणि शेवटची १९०७ साली लिहून झाली होती. मे १९१५ मध्ये, इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारताच, या कॅफेची नासधूस झाली आणि पुढच्याच महिन्यात जॉइस झुरिकला गेला.

त्रिएस्तेचे जॉइसवरील खरे ऋण, माझ्या मते, त्याने तिथे घेतलेल्या इंग्रजीच्या खासगी शिकवण्यांत शोधावे. कारण रंगाच्या कारखान्याचे काम पाहणारा एत्तोरे श्मित्स, म्हणजेच कादंबरीकार इतालो स्वेवो, १९०७ पासून त्याचा विद्यार्थी होता आणि पुढे जवळचा मित्र झाला.