फनारियोट राजवट

आजच्या रुमानियाचे पूर्वज प्रांत मोल्डाविया आणि वालाकिया यांच्यावर अठराव्या शतकात ऑस्मानी सुलतानाने नेमलेल्या, बहुतांशी ग्रीक घराण्यांतील राजांनी केलेला कारभार. मोल्डावियात तो १७११ साली, वालाकियात १७१६ साली स्थिरावला आणि दोन्हीकडे १८२१ मध्ये संपला. इस्तंबूलच्या खाडीकाठच्या फनार मोहल्ल्यावरून हे नाव पडले. ही घराणी व्यापारात गबर झालेली आणि अनेक भाषा जाणणारी होती. सुलतानाच्या दरबारातले मुख्य दुभाषाचे पद त्यांच्याकडे असे आणि तिथूनच गादीची वाट निघे.

त्याआधी राजा स्थानिक राजवंशातला असे, त्याला सरदार, म्हणजे बोयार, निवडत आणि सुलतान मान्यता देई. १७११ मध्ये मोल्डावियाचा राजा दिमित्रिये कांतेमिर रशियाच्या झार पीटरला जाऊन मिळाला आणि प्रुत नदीकाठच्या पराभवानंतर त्याला रशियात आसरा घ्यावा लागला. वालाकियाच्या कॉन्स्टन्टिन ब्रिन्कोव्यानूवरही फितुरीचा संशय होता. १५ ऑगस्ट १७१४ रोजी इस्तंबूलमध्ये आधी त्याच्या चार मुलांची आणि मग त्याची मान उडवली गेली. त्या दिवशी तो साठ वर्षांचा झाला होता. रुमानियन चर्च या बापलेकांना संत मानते. या दोन प्रकरणांनंतर सुलतानाचा स्थानिक राजांवरचा विश्वास उडाला.

गादीसाठी पैसे मोजण्याची रीत फनारियोटांनी आणलेली नाही. ती सोळाव्या शतकापासूनच रुजली होती. त्यांच्या काळात मात्र तिला धरबंध उरला नाही. गादी मिळवायला नजराणा, ती टिकवायला पुन्हा नजराणा, शिवाय वार्षिक खंडणी. एका राजाची कारकीर्द सरासरी तीन वर्षेही भरत नसे. सावकाराचे कर्ज काढून आलेला माणूस तेवढ्या अवधीत ते रयतेकडूनच वसूल करी. शेतकरी गाव सोडून पळू लागले ते यामुळेच.

तरीही या राजांना सरसकट लुटारू म्हणणे अन्यायाचे आहे. कॉन्स्टन्टिन माव्रोकोर्दात वालाकियाच्या गादीवर सहा वेळा आणि मोल्डावियाच्या गादीवर चार वेळा बसला. करदाते पळून जाताहेत हे पाहून त्याने वालाकियात १७४६ मध्ये आणि मोल्डावियात १७४९ मध्ये भूदासत्व, म्हणजे शेतकऱ्याला जमीनमालकाशी बांधून ठेवण्याची प्रथा, रद्द केले. वालाकियातला भूदास मालकाला दहा थालेर (चांदीची नाणी) देऊन मोकळा होऊ शकत होता. रोमा (जिप्सी) समाजातल्या गुलामांना मात्र या सुधारणेचा काहीच लाभ झाला नाही. त्यांना मुक्तीसाठी आणखी शंभर वर्षे थांबावे लागले.

राजे सुलतानाचे नोकर असल्याने प्रदेश राखण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. १७७५ मध्ये मोल्डावियाचा बुकोविना हा भाग ऑस्ट्रियाला गेला; त्याला विरोध करणारा मोल्डावियाचा राजा ग्रिगोरे तिसरा गिका १७७७ मध्ये मारला गेला. १८१२ मध्ये मोल्डावियाचाच पूर्वेकडचा भाग, बेसाराबिया, रशियाकडे गेला.

१८२१ मध्ये तुदोर व्लादिमिरेस्कूने वालाकियात उठाव केला. त्याच वर्षी ग्रीक क्रांतिकारकांनी मोल्डावियात बंड पुकारले आणि सुलतानाचा फनारवरचा भरवसाही संपला. १८२२ मध्ये त्याने वालाकियात ग्रिगोरे चौथा गिका आणि मोल्डावियात इयोन सांदू स्तुर्झा या स्थानिक राजांची नेमणूक केली.