हरळीवरची पाचर

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला आणि त्याला शोधायला शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणावे लागले. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद होत्या. आपल्या गावात एवढं मोठं गोल्फचं मैदान आहे, हे आमच्याकडच्या पुष्कळांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मैदान माहीत झालं, पण तिथला खेळ अनोळखीच राहिला. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, तरी माझंही तसंच होतं. मग श्रावणातल्या एका रविवारी, उद्यमबागेत फौंड्री चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी मला आपला खेळ बघायला घेऊन गेला.

ग्रीन म्हणजे ज्यात भोक असतं तो अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. विद्यार्थ्याचा चेंडू ग्रीनच्या दीड-दोन मीटर बाहेर पडला होता आणि तिथून भोक साधारण बारा मीटरवर होतं. अशा जागेवरून मारायच्या छोट्या, ठेंगण्या फटक्याला चिप म्हणतात. चेंडू मारायच्या काठीला क्लब म्हणतात. विद्यार्थ्याने पिशवीतला सगळ्यात उताणा, साठ अंशांचा क्लब काढला. पहिला चेंडू निम्म्या वाटेवर बसला. दुसऱ्या वेळी क्लबची धार चेंडूच्या पोटात लागली आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात गेला. शेजारी उभा असलेला वयस्कर कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस, हळूच म्हणाला, "सर, आठ नंबर घ्या की. उचलू नका. टेकवा आणि पळू द्या."

आठ नंबरने चेंडू भोकापासून हातभर अंतरावर थांबला. घरी येऊन मी कागद-पेन घेऊन बसलो, कारण कॅडीच्या त्या तीन वाक्यांत यांत्रिकीचा अख्खा धडा होता.

आधी हत्यारांची ओळख करून घेऊ. नियमाप्रमाणे खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. चेंडूला लागणारी क्लबची सपाट बाजू म्हणजे तोंड. क्लबांमधला मुख्य फरक असतो तो तोंडाच्या कलाचा, म्हणजे लॉफ्टचा. सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या डोक्याच्या क्लबचा कल साधारण ३० ते ३४ अंश, नऊ नंबरचा चाळिशीच्या आसपास, पिचिंग वेजचा ४५च्या जवळपास, सँड वेजचा ५६ आणि लॉब वेजचा ६०. बनवणाऱ्यागणिक दोन-चार अंश इकडेतिकडे होतात. वेज म्हणजे आपली पाचर. सुताराची पाचर लाकडात शिरते आणि दोन भाग बाजूला सारते. ही पाचर चेंडूखाली जाते आणि त्याला वर ढकलते. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, असं नियम सांगतो. लिंबाएवढी वस्तू आहे, पण तिच्या बाबतीत एक-दोन अंशांचा फरकही दिसून येतो.

आता हिशेब. समजा, चेंडू हवेतून तीन मीटर नेऊन ग्रीनच्या आतल्या काठावर टेकवायचा आहे. तो २५ अंशांच्या कोनात उडाला, तर सुटताना वेग सेकंदाला ६.२ मीटर लागतो आणि चेंडू जेमतेम ३५ सेंटिमीटर वर जातो, म्हणजे गुडघ्याखालीच राहतो. ४५ अंशांत उडवला तर ५.४ मीटरचा वेग पुरतो आणि चेंडू पाऊण मीटर वर जातो. टेकताना त्याला पुढे नेणारा आडवा वेग मात्र वेगळा असतो: पहिल्याचा ५.६, दुसऱ्याचा ३.८. घरंगळण्याचं अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणून फक्त कोनामुळेच पहिला चेंडू दुसऱ्याच्या दुपटीहून थोडा जास्त पळायला हवा. हवेचा रोध मी धरलेला नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा किनाऱ्यावरच्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ आहे. लांब फटक्याला त्याचा फरक पडतो, पण गुडघ्याएवढ्या उडीला काहीच पडत नाही.

पण मैदानावर दिसणारा फरक दुपटीचा नसतो, चौपट-पाचपट असतो. उरलेला फरक कुठून येतो, हे शोधताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

कॅरमची सोंगटी घसरते आणि गोटी गडगडते. चिपचा चेंडू जमिनीला लागतो तेव्हा तो क्षणभर सोंगटी असतो आणि नंतर गोटी होतो. घसरताना घर्षण त्याचा पुढचा वेग खातं आणि त्याच वेळी त्याला फिरवू लागतं. फिरणं आणि पुढे जाणं जुळलं की घसरणं संपतं आणि शुद्ध गडगडणं सुरू होतं. भरीव गोळा अजिबात न फिरता टेकला, तर गडगडायला लागेपर्यंत त्याच्याकडे मूळ वेगाचे ५/७ भाग उरतात. गोळ्याचं वजन कितीही असो, गवत गुळगुळीत असो की खरखरीत, हा आकडा बदलत नाही. मी तो कित्येक वर्षं फळ्यावर लिहिला, पण गवतावर घडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पण चेंडू न फिरता येत नाही. कललेलं तोंड त्याच्या खालच्या अंगाला घासून जातं, म्हणून तो उलटा फिरत येतो, आणि कल जास्त तसा हा उलटा गरका साधारणपणे जास्त. घर्षणाला आधी तो गरका थांबवावा लागतो आणि मगच सुलटा फिरवता येतो. त्याची किंमत पुढच्या वेगातून वसूल होते. समजा, ४५ अंशांचा चेंडू मिनिटाला २००० उलटे गरके घेत टेकला आणि २५ अंशांचा १०००. मधल्या उड्या सोडून दिल्या तर गडगडायला लागताना पहिल्याकडे सेकंदाला दीड मीटर वेग उरतो आणि दुसऱ्याकडे ३.४. चांगल्या पळत्या ग्रीनवर पहिला दोन मीटरवर थांबेल, दुसरा दहा मीटरवर. हा झाला पाचपट फरक. शिवाय उभा उतरणारा चेंडू मऊ जमिनीत खळगा करतो आणि त्यातही थोडा वेग गमावतो, ते वेगळंच.

'पळतं ग्रीन' म्हणजे किती पळतं, हे मोजायचं साधंसं साधन आहे, स्टिंपमीटर. एडवर्ड स्टिंपसन यांनी ते १९३५ मध्ये तयार केलं. खाच असलेली एक पट्टी हळूहळू वर उचलायची. साधारण वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि तळाशी येईपर्यंत त्याला सेकंदाला सुमारे १.८३ मीटर वेग येतो. मग तो जितके फूट जाईल, तो त्या ग्रीनचा आकडा. मोठ्या स्पर्धांत दहा-बाराच्या पुढचे आकडे असतात. वर मी दहा फुटांचं ग्रीन धरलं होतं. तेच पावसाळ्यात ओलं आणि वाढलेलं, समजा सात फुटांवर आलं, तर दहा मीटर पळणारा चेंडू सातवरच थांबेल. अंतर आकड्याच्या प्रमाणातच घटतं, म्हणून पट्टी नसली तरी चार चेंडू हाताने घरंगळवून अंदाज बांधता येतो.

आता क्लब निवडायचा. खेळाडूंमध्ये 'बाराचा नियम' म्हणून एक तोंडी हिशेब चालतो. चेंडू कुठे टेकवायचा ती जागा आधी ठरवा. ग्रीनच्या आत मीटरभर, सपाट जागा बघा. तिथपर्यंतची पावलं मोजा, मग तिथून भोकापर्यंतची. दुसरं अंतर पहिल्याच्या कितीपट आहे ते बारातून वजा केलं की क्लबचा नंबर मिळतो. आमच्या चेंडूला हवेत तीन मीटर आणि जमिनीवर नऊ मीटर हवे होते, म्हणजे तिप्पट. बारातून तीन गेले, नऊ नंबर. पाचपट असेल तर सात नंबर. दुप्पट आलं तर दहा, म्हणजे पिचिंग वेज; बरोबरी आली तर अकरा, म्हणजे सँड वेज. मग कॅडीने आठ का सांगितलं? श्रावणातलं ग्रीन भिजलेलं होतं, पळणार नव्हतं, म्हणून त्याने एक पायरी खाली उतरून कमी कलाचा क्लब घेतला. भोक चढावर असेल तरी तेच करायचं; उतार असेल किंवा ग्रीन कोरडं-गुळगुळीत असेल तर एक पायरी वर जायचं. हा नियम कुठल्या समीकरणातून आलेला नाही, पण वरच्या आकडेमोडीशी त्याचं बऱ्यापैकी जमतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कमी कलाच्या क्लबने अंतराची चूक आपोआप कमी होते, असं पुष्कळजण मानतात. साध्या हिशेबात ते खरं नाही: हवेतलं अंतरही वेगाच्या वर्गावर आणि गडगडण्याचंही, त्यामुळे वेग दहा टक्के चुकला तर दोन्हीकडे एकूण अंतर साधारण वीस टक्क्यांनीच चुकतं. खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी आहे. बारा मीटरांपैकी दहा मीटर हवेतून न्यायचे तर चेंडूला सेकंदाला जवळजवळ दहा मीटर वेग लागतो. तीन मीटर न्यायला सहा पुरतात. त्यात साठ अंशांच्या तोंडावर फटक्याचा बराच भाग चेंडू उचलण्यात आणि फिरवण्यात जातो, म्हणून क्लब आणखी जोरात फिरवावा लागतो. अशा वेळी धार जमिनीला न लागता चेंडूच्या पोटात, म्हणजे जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर लागली, तर उचलण्यात जाणारा जोर सरळ पुढे जातो आणि चेंडू झुडपात. आठ नंबरने तीच चूक झाली तर मुळातच फटका हलका असतो. चेंडू दोन-चार मीटर जास्त जाईल, पण ग्रीनवरच राहील. हे मी विद्यार्थ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, तीन महिने मी मनगटालाच दोष देत होतो."

कल समजला तरी वेजची दुसरी बाजू उरते, ती म्हणजे तळ. आमच्या भागातल्या वाचकाला हा तळ पटकन समजेल. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो. पण चिखलणी झाल्यावर भातलावणीआधी जी सपाट फळी फिरवतात, ती चिखलावरून सरकते. वेजला या दोन्ही गोष्टी असतात: पुढची धार हा फाळ, आणि धारेच्या मागे खाली फुगलेला तळ ही फळी. धारेच्या पातळीपासून तळ किती अंश खाली उतरतो, त्याला बाउन्स म्हणतात. चार-सहा अंशांपासून चौदापर्यंत तो मिळतो. सँड वेजला आजचं रूप अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन यांनी १९३०च्या सुमारास दिलं. विमान उड्डाण घेताना शेपटीकडची झडप हलते तसं नाकाड वर उचललं जातं, हे पाहून त्यांना कल्पना सुचली असं ते सांगत. त्यांनी क्लबच्या तळाला धातूचा थर चढवला, म्हणजे क्लब वाळूत रुतण्याऐवजी उसळून बाहेर येईल. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्यांनी जिंकली.

बेळगावात बाउन्सचा प्रश्न ऋतूंप्रमाणे उलटतो. मृग लागल्यापासून तांबडी माती पाणी पिऊन मऊ होते. तिथे बारीक तळाचा क्लब फाळासारखा घुसतो आणि चेंडू जागच्या जागी राहतो. तेव्हा दहा-बारा अंशांची फळी हवी. होळीनंतर तीच जमीन जांभ्यासारखी टणक होते. मग तीच जाड फळी जमिनीवर आपटून उडते आणि धार थेट चेंडूच्या पोटात जाते. चैत्र-वैशाखात कमी बाउन्स बरा. वळीव पडून गेला की पुन्हा चार दिवस वेगळा हिशेब. ज्याला एकच वेज परवडते, त्याने मधला, आठ-दहा अंशांचा बाउन्स घ्यावा, असं मला वाटतं. नाहीतर चिपसाठी सरळ आठ-नऊ नंबरकडे वळावं, कारण त्यांचा तळ या भानगडीत फारसा येत नाही.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे तोंडावरच्या खाचा. त्या चेंडूला ओरबाडून फिरवतात, असा समज आहे. त्यांचं मुख्य काम गाडीच्या टायरवरच्या खाचांचंच: मधलं पाणी आणि गवताचा रस बाजूला काढून, टायरच्या रबराला जसा रस्ता, तसा चेंडूला धातू भेटू देणं. नव्या क्लबांच्या खाचा किती खोल आणि त्यांच्या कडा किती धारदार असाव्यात, यावर २०१० पासून मर्यादा आहे, कारण उंच गवतातूनही खेळाडू चेंडूला फार गरका देत होते. भिजलेलं गवत मध्ये आलं की पकड सुटते: चेंडू थोडा जास्त वर उडतो, पण कमी फिरतो, आणि टेकल्यावर अंदाजापेक्षा जास्त पळतो. ओलं ग्रीन त्याला रोखतं आणि ओलं तोंड त्याला पळवतं. कुठलं वरचढ ठरेल हे दोन-चार चेंडू मारल्याशिवाय कळत नाही, म्हणून फटक्यापूर्वी तोंड पुसून घ्यायची कॅडींची सवय मोलाची आहे.

गवताबद्दल सांगायचं तर, उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ती म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. मैदानांसाठी तिचे दुसऱ्या जातीशी बारीक पानांचे संकर केलेले असतात, पण कूळ तेच. ती जमिनीवर धावते घालत पसरते आणि पाती एका दिशेला कलतात. कलाच्या दिशेने चेंडू सुळकन जातो, उलट दिशेने अडखळतो. ग्रीनच्या बाहेर पाती आपल्याकडे कललेली असली तर वेजची धार त्यांत अडकते. गवत एका बाजूने चकाकतं आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसतं. चकाकताना दिसलं तर पाती आपल्यापासून दूर कललेली, गडद दिसलं तर आपल्याकडे.

मे महिन्यात मी पुन्हा गेलो. मधलं गवत वाळून गालिच्यासारखं चपटं झालं होतं आणि चेंडू ग्रीनच्या वीतभर बाहेर होता. विद्यार्थ्याने बाराचा नियम मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात त्याच कॅडीने पिशवीतून पुटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब, काढून पुढे केला. टेक्साससारख्या कोरड्या, टणक मुलखात ग्रीनबाहेरून पुटर मारायची इतकी सवय आहे की अमेरिकेत त्याला टेक्सास वेज म्हणतात. पुटरचं तोंड जवळजवळ उभं असतं, तीन-चार अंशांचा कल. चेंडू हवेत जवळपास जातच नाही, उलटा गरका नाही, तळ रुतायचा प्रश्न नाही. फक्त सुरुवातीचं वीतभर वाळकं गवत किती वेग खाईल एवढाच अंदाज. विद्यार्थ्याने मारला, चेंडू पहिल्या हातभर थोडा घसरला, मग गडगडू लागला आणि भोकाच्या काठावर येऊन थांबला.