उंदीर पडत होते, तेव्हा मुंबई गटारं धूत होती

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला संसर्गाची साखळी शिकवतात. वर्तुळात सहा कड्या: रोगजंतू, त्याचा साठा, बाहेर पडायची वाट, प्रसाराचा मार्ग, शरीरात शिरायची वाट आणि शेवटी ज्याला लागण होऊ शकते असा माणूस. मुली आकृती काढतात, बाण दाखवतात आणि खाली लिहितात, 'कोणतीही एक कडी तोडली की संसर्ग थांबतो.' वाक्य बरोबर आहे. पण कोणती कडी कुठे आहे हे शोधताना माणसं किती चाचपडली, आणि त्यातलं बरंचसं चाचपडणं प्लेगच्या साथीत आपल्याच मांडवी, भायखळा, परळ भागात झालं, हे त्या वर्तुळात दिसत नाही.

सप्टेंबर 1896. मांडवी म्हणजे तेव्हाही मालाची वखार. बंदरातून आलेली धान्याची पोती, खाली गोदामं आणि वर खच्चून भरलेल्या खोल्या. तिथल्या रुग्णांच्या जांघेत, काखेत गाठी आणि अंगात सणसणून ताप पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं सांगितलं. लोक त्याला गाठीचा ताप म्हणू लागले.

यातली गंमत अशी की साखळीतली पहिली कडी तोवर सापडलेली होती. 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, एवढंच कळलेलं नव्हतं. ही मधली कडी रिकामी राहिली आणि तिथे ज्याने त्याने आपापला अंदाज भरला. घाण, कोंदट हवा, रुग्णाचे कपडे, जमिनीतून उठणारी वाफ. सरकारने मग त्या अंदाजांवर मोहीम काढली. गटारांत पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडलं, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवली, सामान जाळलं. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला आणि घरात शिरून रुग्ण उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. त्याआधीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, चिडलेल्या गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता. तेच आजचं कस्तुरबा. माणसं शहर सोडून गावाकडे पळाली. 1891 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, 1901 मध्ये ती पावणेआठ लाखांवर आली.

गटारं धुण्यात वाईट काहीच नाही. पण गटारात पाण्याचा लोंढा आला की तिथला उंदीर जाणार कुठे? वर, घरात.

उंदराचं सामान्य माणसाला कळत होतं. 'उंदीर पडायला लागले' हा शब्दप्रयोग त्या काळातलाच. घरात उंदीर पडले, म्हणजे आपसूक मरू लागले, की गावोगाव लोक घराला कुलूप लावून माळावर झोपड्या बांधून राहत. कारण त्यांना सांगता आलं नसतं, पण कडी त्यांनी बरोबर तोडली होती. दुसरी खूण हॉस्पिटलांतच होती. प्लेगच्या वॉर्डात रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना गाठीचा प्लेग सहसा होत नसे. स्पर्शाने पसरणारा रोग असता तर सगळ्यात आधी तेच आजारी पडले असते. (प्लेग फुप्फुसात उतरला तर मात्र तो खोकल्यातून पसरतो, ते वेगळं.) आपल्या भाषेतले 'लागण', 'संसर्ग' हे शब्द माणसाकडून माणसाकडे असंच सुचवतात. या रोगाने ते खोटं ठरवलं.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलं. आजारी उंदीर मेला की अंग गार पडतं, पिसवा उतरतात आणि नवं गरम अंग शोधतात. त्यांचं म्हणणं बड्या मंडळींनी उडवून लावलं. ते पटवण्याचं काम झालं परळमध्ये. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 1899 पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. वाल्डेमार हाफकिन यांनी लस मात्र त्याआधीच, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव 1925 मध्ये मिळालं.

परळला डॉ. ग्लेन लिस्टन आणि 1905 नंतर प्लेग आयोगाच्या मंडळींनी जे केलं, ते मी मुलींना फळ्यावर काढून दाखवते. प्लेगने मेलेल्या उंदरांच्या पिसवा असलेली खोली. एक गिनीपिग जमिनीवर मोकळा, एक जमिनीपासून 2 इंच वर टांगलेल्या पिंजऱ्यात, एक 2 फूट वर. हवा तीच, वास तोच. जमिनीवरचा मेला, 2 इंचांवरचाही मेला, 2 फुटांवरचा वाचला. पिसू उडी मारून तितक्या उंचीवर पोचत नाही. रोग हवेत असता तर 2 फुटांनी काय फरक पडला असता? तेव्हापासून त्या रिकाम्या कडीत नाव आलं: वाहक कीटक.

हाताच्या कडीची गोष्ट याहून जुनी, आणि ती प्रत्येक पुस्तकात असल्याने थोडक्यात सांगते. व्हिएन्नातल्या एकाच हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. 1846 मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या 11 हून जास्त बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात 3 हूनही कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाला येत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि 1848 मध्ये त्याच विभागातलं प्रमाण सव्वा टक्क्यावर आलं. त्यांना जंतू माहीत नव्हता. मुंबईच्या प्लेगच्या अगदी उलट: इथे जंतू माहीत होता आणि वाट नव्हती, तिथे वाट सापडली आणि जंतू नव्हता. तरी तिथे जीव वाचले.

म्हणून मी मुलींना आधी चौथी कडी, म्हणजे प्रसाराचा मार्ग, विचारते. वॉर्डात ती कुठे असते? युरोबॅग, म्हणजे लघवी गोळा करणारी पिशवी, जमिनीला टेकलेली असते तिथे. मावशी ती उचलतात, नळी वर होते, बॅगेतली लघवी उलटी मूत्राशयाकडे जाते. सलाईनची सुई जिथे शिरते तिथली चिकटपट्टी ओली होऊन सुटलेली असते, तिथे. आणि सगळ्यात जास्त ग्लोव्हजमध्ये. ग्लोव्हज घातले की मुलींना वाटतं आपण सुरक्षित. त्याच ग्लोव्हजने ड्रेसिंग, त्याच ग्लोव्हजने पडदा सारायचा, त्याच ग्लोव्हजने केसपेपर. सुरक्षित फक्त तिची कातडी. पुढच्या खाटेवरच्या आजोबांना तो ग्लोव्ह म्हणजे उघडा हातच.

हवेची कडी मात्र फार उशिरा मान्य झाली. प्लेगमध्ये हवेला दोषी धरून आपण चुकलो. टीबीत हवा खरोखरच दोषी निघाली. खोकल्यातले बारीक कण तासन्‌तास तरंगतात, त्यांना रोखायला 2 फुटांचं काय, खोलीच्या दुसऱ्या टोकाचंही अंतर पुरत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हट्ट होता. त्यामागे त्यांना दिसत होती ती दूषित हवा, जंतू नव्हे. कारण अर्धवट, उपाय बरोबर. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात पोस्टिंग लागलेल्या मुलीला मी एवढंच सांगते की एन-95 नीट बसव, आणि वारा कुठून कुठे वाहतो ते बघून उभी राहा.

2020 मध्ये, कोविडच्या साथीत, हेच सगळं नव्याने पाहिलं. तोच 1897 चा कायदा पुन्हा बाहेर निघाला आणि मुंबईचे पहिले रुग्ण त्याच ऑर्थर रोडच्या कस्तुरबात आले. आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी सोड्यात बुडवली, रस्त्यांवर हायपोक्लोराइट फवारताना पाहिलं. आणि ड्युटी संपल्यावर दारं-खिडक्या बंद केलेल्या चेंजिंग रूममध्ये, मास्क काढून, चौघीजणी एकत्र डबा खायला बसलो.

उंदराची फाइल मात्र मुंबईत बंद झालेली नाही. पावसाळ्यात त्याच्या लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) दरवर्षी वॉर्डात येतोच. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी अजून रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत फिरतात. रात्रीला तीस उंदरांचं टार्गेट असतं. मारलेल्या उंदरांतले काही प्लेगच्या तपासणीसाठी परळला, हाफकिनमध्ये पाठवले जातात.