साक्षीची झाडं: रेडवूडच्या रानातली जुनी जमीन कशी शोधतात

कॅलिफोर्नियातल्या रेडवूडचा फोटो आला की त्याखालची ओळ ठरलेली असते: 'माणसाचा हात न लागलेलं अरण्य'. हे बहुतेक वेळा चूक असतं. किनारी रेडवूडच्या मूळ जंगलापैकी जेमतेम 5 टक्के न तोडता उरलं आहे, आणि त्या टापूतही युरोक, हूपा हे तिथले मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या आग लावून गवताची माळरानं मोकळी राखत आले. मग एखाद्या जागी 150 वर्षांपूर्वी झाडं होती की गवत, हे ठरवायचं कसं?

सगळ्यांत मोलाचा पुरावा म्हणजे सरकारी मोजणीदारांच्या वह्या. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती अमेरिकेच्या केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याकडे मिळतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट भागाची मोजणी 1853 मध्ये माउंट पियर्सवर ठरवलेल्या बिंदूपासून सुरू होते. जमीन चौकोनी तुकड्यांत, म्हणजे टाउनशिपांत, विभागली जाई. टाउनशिप 6 मैल लांब-रुंद. तिचे 36 सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा. माप साखळीचं: 66 फूट, 100 कड्या. आपला गुंठा म्हणजे 33 फुटांचा चौरस, म्हणून एक चौरस साखळी म्हणजे बरोबर 4 गुंठे.

सेक्शनच्या कोपऱ्यावर मोजणीदार खूण रोवायचा. ती हरवली तरी जागा सापडावी म्हणून भोवतालच्या चारही सेक्शनांत एकेक झाड निवडून, साल तासून, त्यावर अक्षरं कोरायचा. हीच साक्षीची झाडं. वहीत झाडाची जात, खोडाचा व्यास इंचांत, कोपऱ्यापासूनची दिशा आणि कड्यांत अंतर लिहायचा. एवढ्यावरून जंगल किती दाट होतं ते काढता येतं. समजा, चार झाडांचं सरासरी अंतर 60 कड्या, म्हणजे 12.07 मीटर आहे. त्याचा वर्ग 146. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला 146 चौरस मीटर, हेक्टरी साधारण 69 झाडं. एका कोपऱ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. अख्ख्या टाउनशिपचे कोपरे घ्यावे लागतात. शिवाय मोजणीदार नेहमी सर्वांत जवळचं झाड घेत नसे. मध्यम जाडीचं, धडधाकट, तासायला सोपं झाड त्याला बरं वाटे, आणि थोराड रेडवूडची साल तर फूटभर जाड असते. दूरचं झाड निवडलं की हिशेबात जंगल विरळ दिसतं.

म्हणून कोपऱ्यांइतक्याच त्यांच्यामधल्या रेषेवरच्या नोंदी वाचाव्यात: किती साखळ्यांवर गवताळ माळ लागला, कुठे ओढा ओलांडला, कुठे जळकं रान. रेडवूडच्याच टापूतल्या बॉल्ड हिल्स या टेकड्यांवर आगी बंद झाल्यावर माळांवर डग्लस फर हे सूचिपर्णी झाड घुसलं. अशा ठिकाणी या नोंदींवरून जुन्या माळाची कड नकाशावर काढता येते. नावांत मात्र फसगत होते. वहीतला 'रेड फर' बहुधा डग्लस फरच असतो.

काही वह्या तर साफ खोट्या आहेत. जॉन बेन्सनच्या टोळीने कॅलिफोर्नियात न केलेल्या मोजण्यांचे पैसे सरकारकडून घेतले. त्यामुळे वहीतले ओढे आजच्या नकाशावरच्या ओढ्यांशी आधी ताडून पाहावेत. एकही जुळत नसेल तर ती वही बाजूला ठेवावी. प्रत्यक्ष जागेवर कोपरा शोधताना होकायंत्रात चुंबकीय फरक (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) आजचा घालायचा, वहीतला नाही. कारण वहीतल्या दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेल्या असतात. सांताक्रूझकडे मेक्सिकन काळात इनाम दिलेल्या मोठ्या जमिनींच्या, म्हणजे रँचोंच्या, आत ही चौकट आखलेलीच नाही. तिथे रँचोंचे हाती काढलेले नकाशे आणि 1851 च्या कायद्यानंतरच्या जमीनदाव्यांचे कागद पाहावे लागतात.

तोड कधी झाली ते बुंधे सांगतात. खोडात जमिनीपासून बऱ्याच उंचीवर खाचा दिसल्या तर त्यांत फळ्या अडकवून, त्यांवर उभं राहून हातकरवतीने झाड पाडलेलं असतं. बुंध्याभोवती कडं करून उगवलेल्या झाडांना 'ऊर्जाचक्र' म्हणून मध्ये ध्यानाला बसणारे आहेत. ते कडं म्हणजे त्याच बुंध्याचे धुमारे. धुमारे तोडीनंतर लवकरच फुटतात. त्यांच्या बुडाशी पोकळ गिरमिटाने नमुना काढून वलयं मोजली की तोडीचा काळ कळतो. पण रेडवूडमध्ये बुडाशी काही वलयं गायब असतात. 110 वलयं मोजली, तर तोड किमान 110 वर्षांपूर्वीची, एवढंच म्हणता येतं.