बिगर-इंजिनिअरांची पदवी : बेळगाव सीमाभागातील एम.सी.ए.ची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागातला मराठी विद्यार्थी बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. झाल्यावर एम.सी.ए. ही संगणकाची पदव्युत्तर पदवी घ्यायचे ठरवतो, तेव्हा अभ्यासक्रमाच्या आधी त्याच्यापुढे दोन राज्यांच्या दोन प्रवेश परीक्षा उभ्या राहतात. एक कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची पी.जी.सी.ई.टी. आणि दुसरी महाराष्ट्राच्या सी.ई.टी. कक्षाची एम.सी.ए. सी.ई.टी. दोन्ही देणारे विद्यार्थी सीमाभागात नवलाचे नाहीत. हे दुहेरी दार कसे तयार झाले हे समजून घ्यायचे, तर एम.सी.ए. ही पदवी मुळात कोणासाठी काढली गेली आणि बेळगाव कोणत्या विद्यापीठाच्या व कोणत्या राज्याच्या छत्राखाली कधी आले, या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

भारतात संगणकाचे विद्यापीठीय शिक्षण आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथे १९६३ मध्ये आय.बी.एम. १६२० हा संगणक आला आणि १९६५ च्या सुमारास विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकशास्त्राचा पर्याय खुला झाला. पुढची पंधरा वर्षे संगणकाची पदवी म्हणजे निवडक संस्थांतल्या मोजक्या अभियंत्यांची पदवी, असेच चित्र होते. दरम्यान परकीय चलन नियमन कायद्याच्या अटींवरून वाद होऊन आय.बी.एम. कंपनी १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली, देशी कंपन्या लहान संगणक बनवू लागल्या आणि हे संगणक बँका, विमा, रेल्वे व सरकारी खात्यांत जाऊ लागल्यावर ते चालवणारी आणि त्यांच्यासाठी प्रणाली आखणारी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न सरकारपुढे आला. १९८० च्या सुमारास याच प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष प्रा. व्ही. राजारामन हे होते, आणि कानपूरच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमामागेही तेच होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पुरेशी माणसे मिळणार नाहीत, मात्र विज्ञान, वाणिज्य व कला शाखांच्या पदवीधरांपैकी ज्यांना गणिताची बैठक आहे त्यांना तीन वर्षे नीट शिकवले तर ते हे काम उत्तम करतील, असा या समितीचा विचार होता. तीन वर्षांच्या ‘मास्टर ऑफ कम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ या पदवीची शिफारस त्यातूनच झाली. दिल्ली विद्यापीठाने १९८२ मध्ये सुरू केलेला एम.सी.ए. हा देशातल्या सुरुवातीच्या अशा अभ्यासक्रमांपैकी एक होय.

या पदवीची मूळ घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्या वर्षात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संख्याशास्त्र, संगणकाची रचना आणि प्रोग्रॅमिंगची भाषा यांच्या जोडीला हिशेबशास्त्र व व्यवस्थापनाची तोंडओळख असे, कारण ज्याला बँकेची किंवा साखर कारखान्याची प्रणाली आखायची आहे त्याला जमाखर्च कळलाच पाहिजे, अशी त्यामागची धारणा होती. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रणाली विश्लेषण हे विषय येत, आणि शेवटचे सहामाही सत्र प्रत्यक्ष उद्योगातल्या प्रकल्पासाठी मोकळे ठेवलेले असे. संगणकशास्त्राच्या सिद्धान्तापेक्षा उपयोजनावर भर देणारी आणि संगणकाचा आधीचा अभ्यास गृहीत न धरणारी ही पदव्युत्तर पदवी होती. पदव्युत्तर शिक्षणात पाया पहिल्या सत्रापासून घालायचा, ही गोष्ट त्या काळी अनेक विद्यापीठीय मंडळींना रुचली नसणार, परंतु बी.कॉम. झालेल्या मुलासाठी तेच दार होते.

आता बेळगावकडे वळू. राज्य पुनर्रचनेच्या आधीच बेळगावचे विद्यापीठ बदलले होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मुंबई इलाख्याच्या काळात येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, १९५० मध्ये ते मुंबईहून धारवाडला आले आणि बेळगाव, विजापूर, धारवाड व उत्तर कन्नड हे जिल्हे त्याच्या कक्षेत गेले. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता संपूर्ण बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा ते बेळगावपासून सुमारे ११० किलोमीटरवर होते, पण राज्याची हद्द मध्ये असल्याने येथील महाविद्यालयांना त्याच्याशी संलग्न होण्याचा प्रश्नच उरला नव्हता. अशा रीतीने सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याची पदवी धारवाडची आणि नात्यागोत्याचा, बाजारहाटाचा, वर्तमानपत्राचा व्यवहार कोल्हापूर-पुण्याशी, ही विभागणी कायम झाली.

हद्द किती बारीक आहे याचे उदाहरण निपाणीत पाहता येते. निपाणी शहर कर्नाटकात आहे आणि शहराला जवळजवळ चिकटून असलेले अर्जुननगर हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात येते. अर्जुननगरचे देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, तर निपाणी शहरातली महाविद्यालये कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या कक्षेत येतात. एकाच गल्लीतल्या दोन मित्रांपैकी एकाने चार पावले अलीकडचे आणि दुसऱ्याने पलीकडचे महाविद्यालय निवडले, तर दोघांची विद्यापीठे, परीक्षांची वेळापत्रके आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे वेगळी होतात.

बेळगावात अभियांत्रिकी शिक्षण मोठ्या प्रमाणावर आले ते १९७९ मध्ये. कर्नाटक लॉ सोसायटीचे गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उद्यमबागेत त्याच वर्षी सुरू झाले आणि के.एल.ई. संस्थेचे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षाचे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि यंत्रभागांचे कारखाने पाहता मेकॅनिकल शाखेला येथे आधीपासून मान होता, संगणक मागून आला. अभियांत्रिकीचा खर्च न पेलणाऱ्या किंवा पी.यू.सी.त, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीत, गुण कमी पडलेल्या मुलांसाठी बी.एस्सी. किंवा बी.कॉम. हाच रस्ता असे, आणि त्या रस्त्याच्या शेवटी नोकरी कोणती, हा प्रश्न सीमाभागात इतर ठिकाणांपेक्षा अधिक टोकदार होता.

कारण भाषेचे होते. १९८० च्या दशकात गोकाक समितीचा शाळेतल्या भाषांविषयीचा अहवाल आणि त्यामागोमागचे आंदोलन यांमुळे कन्नडला शाळेत प्रथम भाषेचे स्थान देण्याचा आग्रह वाढला, आणि १९८६ मध्ये बेळगावात कन्नडसक्तीविरोधात मोठे आंदोलन झाले. या वादाच्या बाजू येथे मांडायच्या नाहीत, तरीही त्याचा नोकरीच्या गणितावर झालेला परिणाम नोंदवावाच लागेल. राज्य सरकारच्या सेवेत कन्नड आवश्यक होते, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला त्या स्पर्धेत उतरणे अवघड जाई. विज्ञान शाखेचा पी.यू.सी.पासूनचा अभ्यास इंग्रजीतून होत असल्याने भाषेचा एक उंबरठा त्याने आधीच ओलांडलेला असे. पुणे किंवा बंगळूरच्या संगणक कंपनीत प्रोग्रॅम लिहिताना मात्र ना कन्नड लागे ना मराठी. एम.सी.ए.कडे सीमाभागातल्या मराठी घरांनी पाहिले ते या कोनातून, असे मला वाटते. ज्ञानाची ओढ होतीच, पण भाषेच्या परीक्षेखेरीज मिळणारी पांढरपेशी नोकरी हे त्याचे पहिले आकर्षण होते.

१९८४ च्या संगणक धोरणाने आयात व उत्पादन सैल केले आणि १९९० च्या दशकात सॉफ्टवेअरची निर्यात वाढू लागली. दशकाच्या अखेरीस वर्षाचे फक्त दोन आकडे साठवणाऱ्या जुन्या कोबोल प्रोग्रॅमांच्या दुरुस्तीसाठी, म्हणजे ‘वाय-टू-के’साठी, इतकी माणसे लागली की खासगी संगणक वर्गांच्या पाट्या बेळगावातल्या टिळकवाडीपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. याच सुमारास, १९९८ मध्ये, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथे आले. राज्यातली अभियांत्रिकी महाविद्यालये धारवाड, म्हैसूर, बंगळूर अशा विद्यापीठांतून निघून एका छत्राखाली आली आणि या महाविद्यालयांतले एम.सी.ए.चे वर्गही त्याच विद्यापीठाचे झाले. बेळगावच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मोठा बदल होता, कारण उपयोजनाची ही पदवी आता अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांत, त्याच प्राध्यापकांकडून आणि त्याच प्लेसमेंट कक्षाच्या आधाराने मिळू लागली. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाल्यावर बेळगाव, विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांतली कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालये धारवाडपासून वेगळी झाली, आणि बी.सी.ए.च्या गुणपत्रिकेवरचे विद्यापीठाचे नावही बदलले. त्याआधी, २००१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या मंदीमुळे भरती आटली, तेव्हा एम.सी.ए.ची झळाळी काही काळ ओसरली. ती पुढे परतली, पण पूर्वीइतकी नाही.

प्रवेशाच्या नियमांत सीमावाद कसा मुरला आहे, हे स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. महाराष्ट्र शासन ८६५ गावांना विवादित सीमाभाग मानते, आणि त्यात बेळगाव, खानापूर, निपाणीबरोबर कारवार, बीदर व भालकी या बाजूंची गावेही येतात. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेश नियमांत उमेदवारांचे जे प्रकार पाडले आहेत, त्यांतला ‘ई’ प्रकार या भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणजे कर्नाटकात राहून, कर्नाटकात शिकूनही त्याला महाराष्ट्रात परप्रांतीय धरले जात नाही. गंमत अशी की कर्नाटकाच्या सी.ई.टी. नियमांतही याचे प्रतिबिंब आहे : अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज या महाराष्ट्रातल्या तालुक्यांत शिकलेल्या कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना ‘गडिनाडू’, म्हणजे सीमाभागातले, कन्नडिग म्हणून पात्र ठरवणारे कलम तेथे आहे. १९५६ च्या रेषेचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून प्रलंबित असला, तरी दोन्ही राज्यांच्या प्रवेश पुस्तिकांनी आपापल्यापुरता तो लावून टाकलेला दिसतो.

या दुहेरी पात्रतेचा अर्थ दुहेरी फाइल असा होतो. कर्नाटकातल्या सरकारी कोट्याच्या जागेसाठी राज्यात किमान सात शैक्षणिक वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. तो शाळेच्या मुख्याध्यापकांनी भरायचा आणि त्यावर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘बी.ई.ओ.’ साहेबांची, प्रतिस्वाक्षरी घ्यायची. महाराष्ट्रासाठी मातृभाषा मराठी असल्याचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र आणि संस्था विवादित भागात असल्याचा दाखला लागतो. एका बाजूला मॉक अलॉटमेंट (जागांचे सरावाचे वाटप), दुसऱ्या बाजूला कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाची फेरी), आणि दोन्हींच्या तारखा एकमेकींची पर्वा करत नाहीत. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या गावातून बेळगावला एका शिक्क्यासाठी खेप घालायची म्हणजे दिवस मोडतो. अभ्यासात हुशार असूनही एका दाखल्यापायी मुलाने एक बाजू सोडून दिल्याची हकिकत या भागात ऐकायला मिळते, आणि तिच्यात दोष बहुधा नियमापेक्षा माहिती वेळेवर न पोहोचण्याचा असतो.

पदवीच्या स्वरूपात यानंतरचा मोठा बदल बी.सी.ए.मुळे झाला. बी.सी.ए.चे वर्ग बहुतेक महाविद्यालयांत सुरू झाल्यावर एम.सी.ए.च्या पहिल्या वर्षातला पाया त्या मुलांना पुनरावृत्ती वाटू लागला, आणि बी.सी.ए. झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची लॅटरल एन्ट्रीची सोय आली. तरीही बारावीनंतर चार वर्षांत बी.ई. होणारा मित्र नोकरीला लागलेला असताना पाच-सहा वर्षे शिकायचे कशाला, हा हिशेब घराघरांत होई. २०१० च्या दशकात अभियांत्रिकीच्या जागा भरमसाट वाढल्या आणि एम.सी.ए.चे वर्ग अनेक ठिकाणी रोडावले. शेवटी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून एम.सी.ए. दोन वर्षांचा केला. बी.सी.ए. किंवा समकक्ष पदवी असलेल्यांना तो सरळ खुला आहे. बी.एस्सी., बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्यांनी बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेले असले पाहिजे, असा त्या वेळचा नियम होता, आणि त्यांना विद्यापीठाने ठरवलेला ब्रिज कोर्स, म्हणजे पाया भरून काढणारा पूरक अभ्यासक्रम, करावा लागे.

वर्ष वाचले हे खरे, आणि मागणीही पुन्हा वाढली. परंतु १९८० च्या समितीने ज्याच्यासाठी हे दार उघडले होते, तो संगणकाला हात न लावलेला वाणिज्य पदवीधर आता या दाराशी पाहुणा झाला आहे. पहिल्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि पायथॉन एकदम समोर येतात, तर ब्रिज कोर्सची गुणवत्ता महाविद्यालयागणिक बदलते. ग्रामीण भागातून बी.कॉम. झालेला मुलगा तेथे धापा टाकतो, हे शिकवणारेही मान्य करतात. हिशेबशास्त्राचा विषय बहुतेक अभ्यासक्रमांतून आटला आणि त्याची जागा मशीन लर्निंग व क्लाउडने घेतली. सहकारी बँका व साखर कारखाने भरपूर असलेल्या आपल्या भागात हा बदल निव्वळ फायद्याचा आहे असे मला वाटत नाही.

तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बी.सी.ए.लाही आपल्या मान्यतेखाली आणले, आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्राने या पदवीसाठी स्वतंत्र सी.ई.टी. सुरू केली. कर्नाटकात बी.सी.ए.चा प्रवेश अजून महाविद्यालयाच्या पातळीवर, पी.यू.सी.च्या गुणांवर होतो. त्यामुळे आजवर पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी येणारी दोन राज्यांची निवड आता निपाणी-अर्जुननगरच्या विद्यार्थ्याला बारावीनंतरच करावी लागते. अलीकडे राहायचे तर गुणपत्रिका पुरेशी आहे, पलीकडे जायचे तर बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीतच सी.ई.टी.चा अर्ज भरावा लागतो, आणि तीन वर्षांनी एम.सी.ए.साठी कोणत्या बाजूची फाइल तयार ठेवायची, हेही त्याच वेळी ठरून जाते.