पेन्सिल्व्हेनियाचे पेटारे आणि जलरंगांचा हट्ट

महामंदीत हाताला काम नसलेल्या चित्रकारांसाठी अमेरिकी सरकारने १९३५ मध्ये योजना काढली. जुन्या घरगुती वस्तूंची हुबेहूब चित्रे काढणे हा तिचाच एक भाग. १९४२ पर्यंत सुमारे १८ हजार चित्रे झाली. ती आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनांच्या वस्तू त्यांत उठून दिसतात: मुलीला लग्नासाठी मिळणारे रंगीत पेटारे, ट्यूलिप कोरलेली लाल मातीची ताटे, नक्षीदार जन्मनोंदी. (या लोकांना इंग्रजीत ‘डच’ म्हणतात, पण हॉलंडशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द जर्मन बोलणाऱ्यांनाही चाले.) फिलाडेल्फियाजवळ त्यांची पहिली वस्ती १६८३ ची, मोठा लोंढा अठराव्या शतकातला.

कॅमेरा हाताशी असताना ब्रश कशाला, हा वाद मात्र तेव्हापासूनचा. चित्रकारांना पगार द्यायचा होता, हे अर्धेच उत्तर. रंगीत फिल्म नुकतीच आली होती, महाग होती आणि तिचे रंग किती टिकतील याची खात्री नव्हती. कृष्णधवल फोटोत ताटावरचा हिरवा आणि तपकिरी रंग दोन्ही राखाडीच. ही ताटे करताना लाल मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ थर देत आणि तो खरवडून खालची लाली उघडी करत. वरच्या झिलईवर दिवा चमकला की ती खरवडलेली रेघच हरवते. चित्रकार चमक हवी तेवढीच ठेवतो. पुरातत्त्वातल्या नोंदचित्रांची पद्धत त्यासाठी शिकवली गेली: आधी फिकट पेन्सिल, मग पारदर्शक रंगाचे थरावर थर. टवके आणि उडालेला रंगही जसाच्या तसा काढायचा.

एवढ्या काटेकोरपणातही निवड होतीच. आधुनिक कारागीर आणि कारखानदारांना अस्सल अमेरिकी नमुने पुरवायचे, हा हेतू होता. त्यामुळे देखण्या वस्तूंना झुकते माप मिळाले. मूळनिवासींच्या वस्तू तर वगळल्याच. शिवाय पेटारा कोऱ्या कागदावर एकटा. ना खोली, ना त्यात कपडे ठेवणारी मुलगी. मला ही उणीव फिल्मच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

आज ही चित्रे इंटरनेटवर मोफत मिळतात, आणि स्क्रीनवर पहिल्या नजरेला त्यांतली कितीतरी चक्क फोटो वाटतात.